त्या सकाळी मला काय ठाऊक होतं

माझी मुलगी चार वर्षांची होईपर्यंत बोलत होती. हे आधीच सांगून टाकते, कारण पुढे ज्यांनी तिला पाहिलं त्यांना ती जन्मापासूनच तशी वाटायची, आणि मीही कित्येकदा ते खोडून काढलं नाही. जन्मापासून म्हटलं की लोक गप्प बसतात. मधेच झालं म्हटलं की विचारतात, कसं काय?

मी माणदेशातली. लग्न होऊन कराडच्या खाली, नदीकाठच्या उसाच्या गावात आले. हे फौजेत होते. वर्षातून एकदा रजेवर यायचे. एरवी घरात सासू, सासरे, मी आणि मुलगी. सासूला मी आत्याबाई म्हणायची. त्यांचं बोलणं खरखरीत. कौतुकाचा शब्द त्यांच्या तोंडून कधी ऐकला नाही. लग्नाआधी माझी शाळा अर्धवट सुटली होती, म्हणून मॅट्रिकला बाहेरून बसावं असं ह्यांनी पत्रातून सुचवलं. मी फॉर्म भरला तेव्हा आत्याबाई एवढंच म्हणाल्या, "भाकऱ्या झाल्यावर काय करायचं ते कर."

बहात्तरच्या दुष्काळानंतर दोन वर्षांनी, मार्चमध्ये परीक्षा होती. केंद्र साताऱ्याला आलं. तिथं माझी एक लांबची मावशी राहायची, तिच्याकडे आठ दिवस राहायचं ठरलं.

निघायच्या सकाळी मुलगी दारात आली आणि तिनं माझा पदर धरला.

"आये, डोस्कं दुकतंय माजं."

मी तिच्या कपाळाला हात लावला. गार होतं. आदल्या आठवड्यात मी धुणं घेऊन नदीवर निघाले तेव्हा तिचं असंच पोट दुखलं होतं, आणि मी धुणं खाली ठेवल्याबरोबर ती उड्या मारायला लागली होती. मी हसले. तिच्या मुठीतून पदर सोडवला आणि म्हणाले, "पळ, आजीकडं जा." ती गेली नाही. मी एसटीत बसले तेव्हा ती सासऱ्यांच्या कडेवर होती आणि माझ्याकडे बघत नव्हती.

सगळे पेपर मी नीट लिहिले. भूमितीचा पेपर सोपा गेला म्हणून मावशीनं शिरा केला होता. मी तो आवडीनं खाल्ला. हे मला फार वर्षं विसरता आलं नाही, की त्या दुपारी मी शिरा खात होते.

परत आले तर घराला कुलूप. शेजारीण म्हणाली, "आगं, तुजी पोर कराडला दवाखान्यात हाय. तुला कुनी सांगितलं न्हाई व्हय?"

मेंदूज्वर झाला होता. मी पोचले तेव्हा ती खाटेवर झोपली होती, मान एका बाजूला, आणि आत्याबाई तिच्या पायाशी बसल्या होत्या. मला पाहून त्या उठल्या नाहीत. म्हणाल्या, "तू घरात असतीस तर हे झालं नसतं."

एकदाच म्हणाल्या. पुन्हा कधीही नाही. पण मला ते दुसऱ्यांदा ऐकायची गरज उरली नाही.

पोर वाचली. डॉक्टरांपुढे हात जोडावेत असा तिचा जीव परत आला होता. आम्ही घरी आलो, सासऱ्यांनी आळीत साखर वाटली. आठ-दहा दिवसांनी मी चुलीपाशी होते, ती उंबऱ्यात पाठमोरी बसून बाहुलीला चिंधी गुंडाळत होती, आणि फळीवरचं पितळी पातेलं माझ्या हातून निसटलं. केवढा तरी आवाज झाला. गोठ्यातली म्हैससुद्धा बिचकली. मुलगी चिंधी गुंडाळत राहिली.

मी तिच्या मागे उभी राहून तिला हाक मारली. मग टाळ्या वाजवल्या. मग ओरडले. आत्याबाई परसातून धावत आल्या आणि दारातच थांबल्या. आम्ही दोघी एकमेकींकडे बघत होतो आणि ती गुंडाळत होती.

कराडच्या डॉक्टरांनी तपासून सांगितलं की या तापात कधी कधी ऐकण्याची शीर जाते. मी विचारलं, "दोन दिवस आधी आणली असती तर?" ते म्हणाले, "सांगता येत नाही."

हे रजेवर आले ते जूनमध्ये. मी पत्रात लिहिलं होतं, पण लिहिलेलं आणि पाहिलेलं वेगळं. गल्लीच्या तोंडाशीच त्यांनी नेहमीसारखी मोठ्यानं हाक मारली. पूर्वी ती हाक आली की मुलगी हातातलं टाकून सुटायची. ती अंगणात खडे मांडत होती. ते दुसऱ्यांदा हाक मारत जवळ आले, तिच्या अगदी मागे उभे राहिले, आणि मग ट्रंक खाली ठेवून तिथेच मातीत बसले. त्या रजेत ते माझ्याशी लागेल तेवढंच बोलले. जेवायला वाढ, पाणी दे, टपाल आलं का. त्यांच्या मनात काय होतं ते मी विचारलं नाही आणि त्यांनी सांगितलं नाही. आजही मला ते माहीत नाही.

त्याहून वाईट पुढचं वर्ष होतं. ऐकू येत नाही म्हटल्यावर बोलणं लगेच जात नाही, ते हळूहळू झिजतं. आधी ती फार मोठ्यानं बोलायला लागली, जणू आम्हीच बहिरे झालो होतो. मग शब्दांची शेपटं गळाली. 'पाणी'चं 'पा' झालं. 'भाकरी'चं नुसतं 'भा'. मी तिचं तोंड हातात धरून तोच तोच शब्द म्हणायची, ती माझ्या ओठांकडे बघून ओठ हलवायची, पण आवाज भलताच निघायचा. तिलाही ते कळत असावं. एक दिवस तिनं पाण्यासाठी नुसता अंगठा तोंडाशी नेला. मग तसंच सुरू झालं.

मॅट्रिक मी पास झाले होते. गावात बालवाडी निघाली आणि सरपंचांनी मला विचारलं. मला जायचं नव्हतं. चार-चार वर्षांची तीस पोरं, सगळी एकदम बोलणारी. आत्याबाईच म्हणाल्या, "जा. झालं त्ये झालं. शिकलेलं तरी वाया घालवू नगंस." मला वाटलं, टोमणा मारताहेत.

सहा वर्षांची झाल्यावर मुलीला सांगलीला, मुक्याबहिऱ्या मुलांच्या शाळेत घातलं. वसतिगृह होतं. दर रविवारी मी पहाटेची एसटी धरून जायची. ती फाटकाशी धावत यायची, मी तिला उराशी धरायची आणि माझे डोळे भरायचे. भरायचे म्हणजे थांबायचेच नाहीत. डब्यातला घास तिला भरवताना, वेणी घालताना मी रडत असायची. मला वाटायचं, तिला कुठं ऐकू येतंय.

असे पाच-सहा महिने गेले. एका रविवारी मी तिची वेणी घालत होते. ती वळली, माझ्या चेहऱ्याकडे पाहिलं, आणि तिनं आपले दोन्ही कान धरले. चूक झाली की कान धरायचे हे तिला घरी शिकवलेलं होतं. मला कळेना, काय केलं हिनं? मी तिचे हात खाली केले. तिनं परत धरले. वर उठाबशा काढायला लागली.

तिच्या वर्गाच्या बाई व्हरांड्यात उभ्या होत्या. माझ्याएवढ्याच वयाच्या असतील. त्यांनी मला बाजूला घेतलं.

"हे ती गेले तीन-चार रविवार करते आहे. तुमचं लक्ष गेलं नसेल. या मुली कानांनी ऐकत नाहीत, चेहरा वाचतात. दर आठवड्याला आई येते आणि तिच्याकडे बघून रडते. तिनं त्याचा काय अर्थ लावायचा?"

मी म्हणाले, "चूक माझी हाय. तिची न्हाई."

"तिला काय माहीत?" बाई म्हणाल्या.

महिन्यातून दोन रविवारी सकाळी मनाच्या आजारांचे एक डॉक्टर त्या शाळेत मुलांना बघायला येत. बाईंनी मला त्यांच्यापुढे नेऊन बसवलं. घरी कळलं तर म्हणतील वेड्यांच्या डॉक्टरकडे गेली, म्हणून मी उठायला लागले होते. डॉक्टर पन्नाशीचे, चष्म्याची एक काडी दोऱ्यानं बांधलेली. रिकाम्या वर्गात पोरांच्या बुटक्या बाकावर गुडघे वर करून बसले होते. ते बघून मी परत बसले.

सगळं ऐकल्यावर त्यांनी गोळी लिहून दिली नाही. वही आणायला सांगितली.

"मनात जे सारखं येतं ते एका वाक्यात लिहा."

मी लिहिलं, 'माझ्यामुळे माझी मुलगी बहिरी झाली.'

"हे किती खरं वाटतं? शंभरातलं किती?"

"शंभर."

ते नाही म्हणाले नाहीत. धीर द्या, देवाची मर्जी, असलं काही म्हणाले नाहीत. लोकांनी तसं म्हटलं की मला आणखी एकटं वाटायचं. ते म्हणाले, "आता त्याच्या खाली, त्या सकाळी दारातून निघताना तुम्हाला काय काय ठाऊक होतं, ते लिहा. आज जे ठाऊक आहे त्यातलं एकही अक्षर नको."

हे सोपं वाटलं होतं. पहिल्या वेळी मी लिहिलं, 'तिला मेंदूज्वर येणार होता.' त्यांनी ते वाचलं आणि विचारलं, "हे दारात उभं असताना ठाऊक होतं?" मी ते खोडलं. मग लिहिलं, 'ती खरंच आजारी होती.' "हे?" तेही खोडलं. चार-पाच वाक्यं खोडल्यावर पानावर जे उरलं ते एवढंच: कपाळ गार होतं. तिनं दूध-भाकरी खाल्ली होती. आदल्या आठवड्यात तिचं पोट असंच दुखलं होतं. घरात आजी-आजोबा होते. नऊला एसटी होती.

डॉक्टर म्हणाले, "तुमच्या बालवाडीतल्या एखाद्या पोराची आई ही पाच वाक्यं घेऊन तुमच्याकडे आली, तर तिला काय म्हणाल?"

मला हुंदका आला, पण तो नेहमीचा नव्हता. त्या आईची मला फार कीव आली.

"आणि कराडच्या डॉक्टरांनी काय सांगितलं होतं?"

"आधी आणलं असतं तर वाचलं असतं, असं."

"त्यांचे शब्द सांगा."

मी आठवून सांगितलं. "सांगता येत नाही."

"मग तुम्ही तीन वर्षं दुसरंच वाक्य घेऊन हिंडताय," ते म्हणाले.

मला वाटलं होतं, हे कळल्यावर सुटेल. सुटलं नाही. सोमवारी बालवाडीत एक पोरगी माझा पदर धरून काहीतरी सांगायला आली आणि ते वाक्य परत जसंच्या तसं हजर. डॉक्टर म्हणाले, येणारच, वर्षानुवर्षं तेच म्हणत आलात. आलं की वही उघडायची. काय घडलं, मन काय म्हणालं, ठाऊक काय आहे, आणि शंभरातलं किती. मी वही पदराखाली झाकून न्यायची. पोरं खेळायला सुटली की लिहायची. कधी नव्वद, कधी पंचाण्णव. एका दिवशी सत्तर आले तर मला भीती वाटली, की मी तिला विसरायला लागले की काय.

तिसऱ्या-चौथ्या खेपेला त्यांनी वहीत एक मोठं वर्तुळ काढलं. "जे झालं त्यात कुणाकुणाचा, कशाकशाचा हात होता ते यात वाटा. तुमचा वाटा सगळ्यात शेवटी." मी रोगाचा वाटा काढला. मग पेन थांबलं. त्या चार दिवसांत घरात काय झालं हे मला माहीतच नव्हतं. मी कधी विचारलंच नव्हतं. डॉक्टर म्हणाले, "मग विचारून या. दोष द्यायला नाही. माहिती करून घ्यायला."

आत्याबाई दुपारी अंगणात शेंगा फोडत बसल्या होत्या. मी समोर बसले, मीही फोडायला लागले. बऱ्याच वेळानं विचारलं, "आत्याबाई, मी साताऱ्याला गेल्यावर काय काय झालं, मला सांगाल का?"

त्यांचे हात थांबले नाहीत. मला वाटलं, बोलणार नाहीत.

"तू गेलीस त्या सांजंला ताप आला," त्या म्हणाल्या. "म्या म्हनलं, आई गेली म्हनून आला आसंल. काढा दिला. दुसऱ्या दिवशी वकायला लागली. देवळात न्हेऊन अंगारा लावला. तिसऱ्या दिवशी तुजं मामंजी म्हनलं, मानूस धाडतो साताऱ्याला, सूनबाईला आणू. म्या न्हाई म्हनलं."

"का?"

"तुजं पेपर चाललं व्हतं." शेंग फुटेना म्हणून त्यांनी ती दातानं फोडली. "म्या म्हनलं, मागारी आणली तर ही परत न्हाई जायाची. चूल आन् रान, चूल आन् रान, माज्यासारकी ऱ्हाईल. मला तर कुनी साळंचं तोंड दावलं न्हाई. म्हनलं, दोन दिस. ताप उतरंल. होऊ द्या पोरीचं पेपर."

मला शिकू द्यायला ज्यांचा विरोध आहे असं मी इतकी वर्षं धरून चालले होते, त्या ह्या बाई.

"चौथ्या दिशी मान ताठली. मग न्हेलं कराडला." त्यांनी सूप बाजूला सारलं. "आन् तुला दवाखान्यात बगितलं आन् माज्या तोंडातनं काय गेलं, तुला ठावं हाय. तुला न्हवतं म्हनायचं. माजं मलाच म्हनायचं व्हतं."

मी त्यांच्या गुडघ्यावर हात ठेवला. त्यांनी तो तसाच राहू दिला, आणि थोड्या वेळानं उचलून परत माझ्या मांडीवर ठेवला.

ते वर्तुळ मी भरलं. रोगाचा वाटा अर्ध्याहून मोठा झाला. वीस मैलांवरचा दवाखाना, अंगारा, कुणालाच न कळलेली लक्षणं, सगळ्यांना थोडं थोडं गेलं. शेवटी माझ्यासाठी एक चिंचोळी फाक उरली. ती बघून डॉक्टरांनी विचारलं, "ही कशाची?" मी म्हणाले, "हसले त्याची." ते म्हणाले, "असू द्या मग."

पुढच्या रविवारी मी शाळेत गेले ते वर्गाच्या बाईंकडून 'चूक नाही' ही खूण शिकून. मुलीनं मला पाहिलं, माझे डोळे भरले, तिचे हात कानांकडे गेले. मी ते हात धरले. मानेनं नाही म्हटलं. तिच्या छातीकडे बोट केलं, नाही. माझ्या छातीकडे बोट केलं, नाही. मग तिला कवेत घेतलं आणि रडले, लपवलं नाही. तिला त्या दिवशी पटलं नाही. दोन-तीन महिने ती कान धरत राहिली आणि मी हात खाली घेत राहिले. मग एका रविवारी तिनं धरले नाहीत. माझ्या डोळ्यांखालून बोट फिरवलं, ते ओलं बोट स्वतःच्या फ्रॉकला पुसलं, आणि डबा उघडला.

वहीत आकडे उतरत गेले. तीस, पंचवीस. शेवटच्या भेटीत मी डॉक्टरांना म्हणाले, "पण बरं वाटत नाही. आधी निदान चूक होती, ती धरून बसता यायचं. आता नुसतं तिला ऐकू येत नाही एवढंच उरलंय."

ते म्हणाले, "हो. ते दुःख आहे. त्याच्यासाठी माझ्याकडे वही नाही."

मला वाटलं होतं, जे मला मिळालं ते आत्याबाईंनाही देता येईल. मी त्यांच्यासमोर वही घेऊन बसले, त्यांना लिहिता येत नव्हतं म्हणून मी लिहायची, त्यांनी सांगायचं. म्हणाले, "त्या तीन दिवसांत तुमाला काय ठावं व्हतं, तेवढंच सांगा." त्या उठून गोठ्यात गेल्या. परत एकदा वर्तुळ काढून दाखवलं तर म्हणाल्या, "तुजं लिवणं तुज्यापाशी ऱ्हाऊ दे, पोरी. म्या काय केलंय ते मला ठावं हाय."

सांगलीच्या शाळेत त्या एकदाही आल्या नाहीत. सुट्टीत नात घरी आली की तिच्यासाठी लाडू वळायच्या, तिचं डोकं विंचरायच्या, पण मागे बसून. समोरून तिच्या तोंडाकडे बघताना मी त्यांना पाहिलं नाही.

दोन वर्षांनी त्या अंथरुणाला खिळल्या. मी बालवाडी करून घरी आले की त्यांच्याजवळ बसायची. रोज त्या तेच सांगायच्या, अगदी पहिल्यांदा सांगितल्यासारखं. ताप आला, काढा दिला, मामंजी म्हनलं मानूस धाडतो, म्या न्हाई म्हनलं. आणि मग विचारायच्या, "म्या न्हाई का म्हनलं गं?"

मी रोज सांगायची, "माझे पेपर व्हावेत म्हणून, आत्याबाई. माझ्या भल्यासाठी."

"व्हय?"

"व्हय."

डोळे मिटून पडायच्या. दुसऱ्या दिवशी पुन्हा पहिल्यापासून. मी कंटाळले नाही असं म्हणणार नाही. काही दिवस मी नुसतंच 'व्हय' म्हणून औषध पाजायची. पण कधी चुकवलं नाही. दहा-अकरा महिने हे चाललं.

शेवटच्या आठवड्यात त्यांनी विचारणं बंद केलं. पटलं म्हणून की थकल्या म्हणून, ते मला कळलं नाही. मी त्यांच्या उशाशी बसून राहायची, विचारतील म्हणून वाट बघत. त्यांनी विचारलं नाही. त्या गेल्या तेव्हा मी गावातल्या माणसाला एसटीनं सांगलीला पाठवून मुलीला बोलावून घेतलं. अंगणात बायका मोठमोठ्यानं रडत होत्या. मुलगी त्यांच्यामधून वाट काढत आली, आजीच्या समोर बसली, आणि तिच्या चेहऱ्याकडे कितीतरी वेळ बघत राहिली.